सत्तेचाळीस बाहेर

बिल्ला हातात पडला तेव्हा मी वर पाहिलंसुद्धा नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता फाटकावर उभा असलेला माणूस चेहरे बघत नाही, गाड्यांच्या काचा बघतो. काच खाली सरकते, एक हात पुढे येतो, मी त्या हातात बिल्ला ठेवतो किंवा त्या हातातून घेतो, आणि दिवसातून दोनशे वेळा तेच सांगतो: आतली जागा भरली, रस्त्यापलीकडच्या मैदानात लावा, बिल्ला आरशाला लटकवा, तंबूंच्या वाटेत गाडी उभी करू नका. लोक वाद घालतात. माझा मेव्हणा आत तंबूत उतरलाय, म्हणतात. सगळ्यांचेच मेव्हणे आत तंबूत उतरलेले असतात. शहर इथून बसने चाळीस मिनिटांवर, आणि सुट्टी आली की अख्खं शहर आपापल्या मेव्हण्याला भेटायला आमच्या तलावावर लोटतं. तर हात पुढे आला, बिल्ला पडला, आणि डोळ्यांच्या आधी तो माझ्या बोटांना कळला. हल्लीचे आमचे बिल्ले प्लास्टिकचे, पिवळे, हातात असून नसल्यासारखे. हा पत्र्याचा होता. गार होता. लटकवायच्या भोकाची कड झिजून धार आलेली. मी अंगठ्यानं आकडा चाचपला आणि मग खाली पाहिलं. सत्तेचाळीस.

आमच्याकडे सत्तेचाळीस नाही. शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस येतो. नवे बिल्ले करून घेतले तेव्हा मीच बनवणाऱ्याला सांगितलं होतं, तेवढा एक वगळ. मॅनेजरनं विचारलं तर म्हणालो, जुना हरवलाय, कुणी घेऊन आलं तर गोंधळ नको. हे ऐकून तो खूश झाला. माझ्या डोक्यातून निघालेल्या गोष्टींवर खूश व्हायची त्याला सवय आहे, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी वर पाहिलं. पन्नाशीकडे झुकलेली बाई, एकटीच, केस आखूड कापलेले. नऊ वर्षांपूर्वी ते लांब होते आणि ओले नव्हते. हे मला का आठवावं ते माहीत नाही, पण त्या दिवशी तलावावर आलेल्या सगळ्या माणसांत तिचेच केस कोरडे होते एवढं मला पक्कं आठवतं. ती म्हणाली, "हा माझ्याकडे राहून गेला होता. आणि मला तुमच्याशी जरा बोलायचंय. तुम्हीच होतात ना त्या दिवशी?" माझ्या तोंडून निघालं, "गाडी डावीकडे घ्या." देव जरी आला तरी मी त्याला आधी गाडी डावीकडे घ्यायला सांगेन, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

तिनं गाडी डावीकडे घेतली. जोडीदाराला फाटकावर उभं करून मी चौकीत गेलो, पाणी प्यायलो, पुन्हा प्यायलो. चौकीच्या खिडकीतून तलाव दिसतो. धक्का दिसतो, धक्क्यावरची टेहळणीची उंच खुर्ची दिसते, आणि साठ खिळ्यांचा फळा दिसतो. तो फळा माझा. म्हणजे सुतारानं केला, पण कल्पना माझी. आधी गाड्यांचे बिल्ले वेगळे होते आणि पाण्यात उतरणाऱ्यांचे वेगळे, दोन आकडे सांभाळताना लोकांचा आणि आमचा जीव जायचा. मी म्हटलं, एकच आकडा ठेवू. गाडीला सत्तेचाळीस मिळाला की त्या गाडीतून जो पाण्यात उतरेल त्याचाही सत्तेचाळीस. फळ्यावर सत्तेचाळिसाव्या खिळ्याला एक चकती, एका बाजूनं निळी, एका बाजूनं पांढरी. पाण्यात उतरताना निळी बाजू वर करायची, काठावर आलं की पांढरी. मॅनेजरनं माझ्या पाठीवर थाप मारली होती. पण आकडा एक झाला आणि शब्दही एकच राहिला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या फाटकवाल्यांत गाडी आतल्या जागेतून काढून पलीकडच्या मैदानात लावली की वॉकीटॉकीवर म्हणायचं, अमुक नंबर बाहेर. मैदानाचं नावच बाहेरचं मैदान. आणि पाण्यावरच्या लोकांत माणूस तलावातून काठावर आला की म्हणायचं, अमुक नंबर बाहेर. वॉकीटॉकीची लाइनही एकच. कुणाच्याच ध्यानात आलं नाही हे मी आत्ता लिहिलं, ते खोटं आहे. एकाच्या आलं होतं.

त्या खुर्चीवर तेव्हा माझा धाकटा भाऊ बसायचा. आम्ही त्याला पाणकोंबडा म्हणायचो. लहानपणी घरातल्या टाकीत डोकं बुडवून श्वास मोजत राहायचा, आई केस धरून वर काढायची. ही नोकरी त्याला मीच लावून दिली होती. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता तो म्हणाला, "दादा, तुझं बाहेर आणि माझं बाहेर वेगळं आहे हं. काल मी तीन मिनिटं गोंधळलो होतो. एखादा शब्द बदल ना." मी म्हणालो, "अरे, खुर्चीवर बसून डोळ्यांनी काम करायचं असतं, कानांनी नाही." सगळे हसले. तोही हसला. मग त्यानं माझ्या डब्यातली भाजी पळवली. हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं की भाजीत मीठ जास्त पडलं होतं तेही आठवतं. त्यानंतर आठवड्याभरानं, अशाच एका रविवारी, सत्तेचाळीस नंबरची गाडी तंबूंच्या वाटेत आडवी लागली. आत रुग्णवाहिकेला वाट राहावी म्हणून ती हलवणं भाग होतं. नियम माझाच होता, आणि बरोबर होता. मी काठावर गेलो. ही बाई एका सपाट दगडावर बसून पाण्याकडे बघत होती. तिचा भाऊ पोहत होता, बावीस वर्षांचा. मी म्हणालो, गाडी हलवा. ती म्हणाली, तो येईपर्यंत थांबू का? मी म्हणालो, ताई, दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांचं नव्हतं. मैदानाच्या तोंडाशी रांग लागली होती, तिला पंचवीस मिनिटं लागली. गाडी फाटकातून गेली तसं मी वॉकीटॉकी तोंडाशी धरून म्हणालो, "सत्तेचाळीस बाहेर."

एवढंच. दोन शब्द. खुर्चीवरून धाकट्याचा आवाज आला, "बरं." मला ते बरं नीट ऐकू आलं होतं. फाटकावरच्या गाडीशी पाण्यावरच्या माणसाचा काय संबंध, त्यानं बरं का म्हणावं, असं अर्धा क्षण माझ्या डोक्यात आलं, आणि तेवढ्यात कुणाचा तरी मेव्हणा समोर येऊन उभा राहिला. धाकट्यानं चकती उलटवली. पांढरी. दर अर्ध्या तासानं शिट्टी होते, निळ्या चकतीवाल्यांनी पाण्यातून हात वर करायचा असतो. त्या शिट्टीला सत्तेचाळीस कुणी शोधला नाही, कारण फळ्यावर तो काठावर होता. ती परत आली, दगडावर बसली, मग उठली, मग विचारत आली. फळा बघून आम्ही तिला सांगितलं की तो तर आलाय, असेल इथेच कुठेतरी. आम्ही त्याला तंबूंत शोधला. न्हाणीघरांत शोधला. सरबताच्या टपरीमागे शोधला. मी स्वतः पलीकडच्या मैदानात जाऊन तिच्या गाडीत डोकावून आलो. अर्धा तास आम्ही एका माणसाला जमिनीवर शोधत होतो. आधी शोधला असता तर तो वाचला असता का, ते कुणी सांगू शकत नाही. पण पाण्यात तरी शोधला असता.

चौकशी झाली. शहरातल्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, लांबट टेबलापाशी आम्ही दोघं भाऊ शेजारी बसलो होतो. खिडकीला पडदा नव्हता आणि माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं. अधिकाऱ्यानं धाकट्याला विचारलं, चकती उलटवायला तुम्हाला कुणी सांगितलं का? धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्याचा गुडघा टेबलाखाली माझ्या गुडघ्याला टेकला होता, तो त्यानं हळूच बाजूला घेतला. म्हणाला, "नाही. मला तो वर आलेला दिसला. दिसला असं वाटलं." तेव्हा मी बोलायला हवं होतं. ऊन डोळ्यांवर होतं, माझी मुलगी चार महिन्यांची होती. नऊ वर्षांत मी अशी बरीच कारणं जमवली आहेत, त्यांतलं एकही खरं कारण नाही. मी मूग गिळून बसलो, कारण मी न मागता माझी बाजू घेतली गेली होती. कागदावर आलं: पोहणारा एकदा पाण्याबाहेर आला, नोंद झाली, त्यानंतर कोणालाही न कळवता पुन्हा पाण्यात गेला. रक्षकानं पुरेशी खात्री केली नाही. धाकट्याची नोकरी गेली. माझी राहिली. मी शब्द बदलून घेतला. आता पाण्यावर ओला आणि कोरडा म्हणतात. बारा पाण्यात, बारा बाहेर म्हणायच्या ऐवजी बारा ओला, बारा कोरडा. मॅनेजरनं पुन्हा पाठीवर थाप मारली.

धाकटा आता लिफ्ट दुरुस्त करतो. सबंध दिवस उंच इमारतींच्या पोटातल्या काळ्या चौकोनी विहिरींत लोंबकळत असतो, पण त्या विहिरींना पाणी नसतं. भेटतो आम्ही. तो घरी येतो, माझ्या मुलीला खांद्यावर घेतो, बायकोशी थट्टा करतो, वहिनी चहा पातळ झालाय म्हणतो. फक्त त्या दिवसापासून त्यानं मला दादा म्हटलेलं नाही. माझ्याशी बोलायचं असलं की "ऐक ना" म्हणतो, किंवा मी बघेपर्यंत थांबतो. आणि तलावाचं नाव काढत नाही. मी माझ्या परीनं बाहेर या शब्दाशी फारकत घेतली. नऊ वर्षांत तो माझ्या तोंडून गेलेला नाही. ठरवून नाही, एकदा घशात अडकला आणि अडकलाच. बायको विचारते, मुलगी कुठाय? मी म्हणतो, गॅलरीत, जिन्यात, दारापलीकडे. हॉटेलात जेवायला जाऊ या म्हणतो. पावसात उभं राहू नकोस म्हणतो. मुलीनं याचा खेळ केला होता. उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहून विचारायची, बाबा, मी आत आहे की काय आहे? मी म्हणायचो, तू तिकडे आहेस. ती पोट धरून हसायची. माझी सासू मात्र हसली नाही. एकदा स्वयंपाकघरात बायकोला हळू आवाजात विचारत होती, "ह्यांना बाहेरचं काही लागलंय का गं?" मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. म्हातारीला काय माहीत. पण लागलं होतं ते बाहेरचंच. दवाखान्यात नर्स म्हणायची, बाहेर बसा. बसवाला ओरडायचा, हात बाहेर काढू नका. आणि दर वेळी मला वॉकीटॉकीची ती खरखर आणि तिच्यामागून आलेलं बरं ऐकू यायचं. कधी कधी चौकीत एकटा असताना वॉकीटॉकी बंद असूनही ऐकू यायचं. मी घाबरायचो नाही. मी उत्तर द्यायची वाट बघायचो, आणि तो आवाज पुढे काही बोलायचा नाही.

मी चौकीतून निघून तिच्याकडे गेलो. ती गाडीला टेकून उभी होती. बिल्ला अजून माझ्या हातात होता. ती म्हणाली, "घर बदलतेय. सामान आवरताना हा सापडला. तेव्हा वाटलं, एकदा विचारून टाकावं. एकच गोष्ट विचारायचीय, मग जाते." मी म्हणालो, विचारा. तिनं रांगेकडे पाहिलं, मग तलावाकडे, मग माझ्या शर्टाच्या बटणाकडे. "त्या कागदात लिहिलंय की तो एकदा वर आला होता. मी ते इतक्या वेळा वाचलंय. तो वर का आला असेल, हे मला त्यात कुठे मिळालं नाही, पण मला माहीत आहे. मी त्याला म्हटलं होतं, तू पोह, मी या दगडावरून हलत नाही. तो पोहताना मध्येच मान वर करून बघायचा मला. लहान असल्यापासूनची खोड. आणि मी हलले. त्यानं पाहिलं असेल, दगड रिकामा. वर आला असेल, शोधलं असेल. हाका मारल्या असतील. मग रागावून परत गेला असेल. रागावला की तो फार आत जायचा." ती थांबली. आवाज अजिबात कापत नव्हता, वर्षानुवर्षं घोकलेलं पाठ म्हणावं तसं ती बोलत होती. "तुम्ही फाटकावर होतात. तो मला शोधत फाटकापर्यंत आला होता का? तुम्हाला दिसला का? तेवढंच सांगा."

मला दिसला नव्हता. नाही, एवढं म्हटलं असतं तर ते शंभर टक्के खरं होतं. ती मान हलवून गाडीत बसली असती, मी तिला उजवीकडून वळण दाखवलं असतं, आणि बिल्ला खिशात टाकून पुढच्या मेव्हण्याकडे वळलो असतो. आणि ती जन्मभर त्या पोराला काठावर हाका मारायला लावत राहिली असती. त्या पोरानं एकही हाक मारली नव्हती. तो काठावर आलाच नव्हता. तिच्या डोक्यात नऊ वर्षं ओल्या पायांनी फिरत असलेला तो मुलगा माझ्या दोन शब्दांतून आणि माझ्या भावाच्या एका खोट्यातून तयार झाला होता. तिला छळायला आम्ही दोघा भावांनी मिळून एक भूत करून दिलं होतं, आणि मी समजत होतो की भूत माझ्याकडेच आहे. मला माझी फार लाज वाटली. इतकी की राग आला, तिच्यावरसुद्धा आला, आज रविवारीच का आली म्हणून. मग मी तोंड उघडलं. शब्द यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज असल्यासारखा आला.

"तो बाहेर आला नव्हता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कागदात तर..."

"कागद चूक आहे. तो पाण्यातून बाहेर आलाच नव्हता, ताई. एकदाही नाही."

"मग बाहेर कोण आलं होतं?"

"तुमची गाडी," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. मैदानाचं नाव, एकच लाइन, एकच आकडा, तो माझा हुशारीचा फळा, डबा खाताना धाकटा काय म्हणाला होता आणि मी काय उत्तर दिलं होतं. टेबलाखालचा गुडघासुद्धा सांगितला. मध्ये जोडीदार येऊन म्हणाला, मैदानही भरलं, आता काय करू? मी म्हणालो, फाटक लाव. नऊ वर्षांत पहिल्यांदा रविवारी साडेअकराला आमचं फाटक बंद झालं. ती माझ्या थोबाडीत मारेल असं मला वाटलं होतं, मारावी असंही वाटलं होतं. तिनं मारली नाही. हळूहळू गाडीच्या कडेनं खाली सरकत ती जमिनीवर, खडीवर बसली, आणि म्हणाली, "म्हणजे त्यानं मला शोधलं नाही."

"नाही. तुम्ही दगडावर नाही हे त्याला कळलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. पण शोधायला तो आला नाही."

"मी हाका ऐकायचे हो," ती म्हणाली. "रोज ऐकायचे." आणि तेव्हा कुठे ती रडली, मोठ्यानं, रांगेतल्या गाड्यांच्या काचा खाली येईपर्यंत. मी तिच्यासमोर उभा होतो आणि हातात बिल्ला होता, तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाली, "हे लिहून द्याल? तुमच्या सहीनं?" आता तोंडचं पाणी माझं पळालं. बोलणं वाऱ्यावर जातं. कागद कचेरीत जातो, मॅनेजरकडे जातो, वर्तमानपत्रात जातो, घरी जातो. मुलगी आता हाती पडेल ते वाचते. मी चौकीतून वहीचं पान फाडून आणलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं. तापलेल्या पत्र्यावर मनगट भाजत होतं. गाडी मैदानात गेल्यावर मी वॉकीटॉकीवर म्हणालो, सत्तेचाळीस, आणि इथे पेन थांबलं. मी ते पुन्हा टेकवलं आणि लिहिलं. बाहेर. ब ला काना आहे की नाही, असा वेडा विचारही डोक्यात येऊन गेला. खाली सही केली, तारीख घातली. तिनं ते वाचलं, चार घड्या केल्या, पर्समध्ये ठेवलं. "दगडावर जरा बसून येऊ?" तिनं विचारलं. मी वॉकीटॉकीवर खुर्चीवरच्या रक्षक पोरीला सांगितलं, एक बाई येतायत, काठावर बसणार आहेत, नजर ठेव. ती म्हणाली, "नंबर काय?" मी म्हणालो, "सत्तेचाळीस. कोरड्या." पोरगी म्हणाली, असा नंबर नाही. मी म्हणालो, आहे.

मग फाटक उघडायच्या आधी, सगळे हॉर्न वाजत असताना, मी धाकट्याला फोन लावला. मागे कसलीतरी घरघर येत होती. तो म्हणाला, "ऐक ना, मी लिफ्टच्या डोक्यावर बसलोय, मग बोलू का?" मी म्हणालो, "ती आली होती. सत्तेचाळीसवाली. तिला सांगितलं सगळं. लिहून दिलं." घरघर चालूच होती. मग त्यानं काहीतरी बंद केलं असावं, कारण एकदम शांत झालं, खोल जागेतून येते तशी शांतता. "काय लिहिलंस?" त्यानं विचारलं. मला ते पाठ झालं होतं. मी म्हणून दाखवलं, अडलो नाही. तो म्हणाला, "पण मी पाण्यातलं डोकं बघायला हवं होतं ना. खुर्चीवर बसून डोळ्यांनी काम करायचं असतं." माझंच वाक्य, नऊ वर्षं जपून ठेवलेलं, आणि त्यात टोमणा नव्हता हे सगळ्यात वाईट होतं. मी म्हणालो, "तुझं तू तेव्हाच सांगून मोकळा झालास, नको तितकं सांगितलंस. हे माझं राहिलं होतं." मला त्याचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी टाकीशेजारी उभा राहून मी मोजायचो तसा मी तो मोजत राहिलो. ती बाई दगडापर्यंत पोचली होती. खाली बसली नव्हती, नुसती हात टेकवून उभी होती.

"पाणी कसं आहे रे आज, दादा?" तो म्हणाला.

मी मान वळवून तलावाकडे पाहिलं आणि त्याला सांगायला लागलो.